काय टेचात चाललीय!

श्रोतेहो, नमस्कार.

परवा नात मला म्हणाली, "आजी, तुझी ती जुनी पिशवी कसली भारी आहे गं!" पिशवी म्हणजे माझी शबनम. खादीची, लांब पट्ट्याची, एका कोपऱ्यात शाईचा डाग पडलेली. १९७५ साली घेतलेली. माळ्यावरची ट्रंक भलत्याच कामासाठी उघडली होती, त्यात ती निघाली. पोरीनं ती खांद्याला अडकवली, आरशात एकदा पाहिलं आणि घेऊन गेलीसुद्धा. मी तिच्या वयाची असताना माझ्या आईची एकही वस्तू अशी उचलून नेली नसती. त्याचं कारण फारसं चांगलं नाही. सांगते पुढे.

आधी शब्दाचं बघा. आमच्या आजोबांच्या बोलण्यात माणूस टेचात चालायचा, ऐटीत बसायचा, फाकडू दिसायचा. आमच्या वेळी सगळं 'झकास' झालं. माझ्या मुलाच्या तोंडी 'सही' होतं. मधे कधीतरी 'राप्चिक' आलं, ते मी एकदा बँकेत जेवणाच्या सुट्टीत वापरलं आणि टेबलावरचे सगळे डबे थांबले. आता 'कडक' आणि 'कूल'. त्यातलं 'कूल' मी बोलले की नात डोळे मिटून घेते, म्हणजे तोही शब्द निकालात निघाला असावा.

माझं बालपण गिरगावातलं, ठाकूरद्वारच्या एका चाळीत. चाळ म्हणजे लांबच लांब गॅलरी आणि गॅलरी म्हणजे कायम भरलेलं थिएटर. तुम्ही खाली नळावर गेलात तरी वरून डोळे असायचे. साठीच्या दशकात माझ्या मावशीनं 'साधना कट' केला. अभिनेत्री साधना यांचं कपाळ रुंद, ते झाकायला ती कपाळावरची झुलपं आली होती. मावशीचं कपाळ मुळात दोन बोटं. झुलपं सोडल्यावर केस थेट भुवयांवर! आजोबा म्हणाले, "घोड्याला आयाळ पुढून फुटली." मावशी दोन दिवस रडली, पण केस मागे घेतले नाहीत. शेजारच्या दोघींनी तोवर तसेच कापले होते ना.

त्याच गॅलरीत एक काका कातडी कव्हरातला ट्रान्झिस्टर खांद्याला लटकावून फिरायचे. कसोटी सामना असला की आवाज मोठा आणि चाल संथ. स्कोअर विचारायला माणसं त्यांच्यामागून चालायची. आज हे भाषण कुणी तसं ऐकत असेल, तर माझा नमस्कार विशेष.

दादाच्या बेलबॉटमबद्दल काय सांगू? शिंपी म्हणाला, मोहरी बावीस इंच बस झाली. दादा म्हणाला, चोवीस. बूट दिसता कामा नये. गिरगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. पहिल्याच जुलैत त्या मोहरीनं रस्त्यावरचं पाणी गुडघ्यापर्यंत ओढून घेतलं, आणि दादा पायांत दोन ओले पडदे घेऊन जिना चढला. पुढे ऐंशीच्या दशकात त्याच शिंप्याकडून त्यानं त्या पॅन्टी चिंचोळ्या करून घेतल्या. आता त्याचा नातू घेरदार पॅन्ट घालून लोकलमध्ये चढतो आणि दादा त्याला ओरडतो, "रस्ता झाडतोयस का!"

दादा इराण्याकडे बसतो, ही त्या काळी तक्रार होती. वडिलांच्या कानावर तशी गोष्ट जाणं म्हणजे मुलगा वाया गेला. तिथे ज्यूकबॉक्स असायचा, नाणं टाकलं की गाणं लागायचं, सिगारेटी ओढल्या जायच्या. आम्हा मुलींसाठी 'फॅमिली रूम' नावाचं पडद्याआडचं खुराडं होतं. गेल्या वर्षी नात मला धोबीतलावच्या कयानीत घेऊन गेली. १९०४ सालचं हॉटेल, आत शिरायला बाहेर रांग. तिनं ब्रून मस्क्याचे फोटो काढले, चहाचे काढले, माझे काढले. चहा थंडगार. ज्या टेबलापायी दादानं मार खाल्ला, तसल्याच टेबलाशी बसण्यासाठी आम्ही पंचवीस मिनिटं उभे होतो, हे मी तिला सांगितलं. तिला ते फारच आवडलं. "हे लिहू का फोटोखाली?" म्हणाली.

कॉलेजात मला पहिला धक्का बसला. तिथे इंग्रजी बोलणं म्हणजे सगळं काही. आम्ही मराठी माध्यमाच्या चौघी जिन्याच्या कडेनं चढायचो. मग कुणीतरी दादरला छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये नाटकाला नेलं. 'आविष्कार'नं १९७४ पासून तिथे प्रायोगिक नाटकं चालवली होती. हॉल साधा, पंख्यांचा आवाज मोठा, आणि तिथे जमलेली माणसं! दाढ्या, झब्बे, कोल्हापुरी चपला, खांद्याला शबनम. आणि सगळे मराठीत भांडत होते. पुढच्याच आठवड्यात मी शबनम घेतली. आत काय होतं? एक वही, बसचा पास आणि आईनं दिलेला डबा. डबा पिशवीच्या बाहेरून दिसू नये म्हणून मी तो वहीच्या मागे ठेवायचे. त्या दाढीवाल्यांच्या शबनममध्येही डबेच असणार, हे कळायला मला बँकेत नोकरी लागावी लागली.

आता ते कारण.

माझी आई लुगडं नेसायची. तिनं 'नऊवारी' हा शब्द कधी वापरला नाही. पहाटे अंधारात, आरशाशिवाय, डोळ्यांवर झोप असताना ती अर्ध्या मिनिटात काष्टा मारून, ओचा खोचून मोकळी व्हायची. शाळेत माझ्या वर्गातल्या बहुतेकींच्या आया गोल साडीत यायच्या. चौथीत पालकसभा होती. मी आईला सभेचा दिवस सांगितलाच नाही. बाईंनी दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हटलं, आई गावाला गेलीय. आई त्या दिवशी दुपारी चार वाजता शाळेच्या फाटकाशी छत्री घेऊन उभी होती, पाऊस आला म्हणून. बाईंनी तिला पाहिलं. बाई काही बोलल्या नाहीत, आईही नाही. पण त्यानंतर ती फाटकाच्या अलीकडे, वाण्याच्या दुकानापाशी थांबायला लागली.

माझा मुलगा सातवीत असताना म्हणाला, "आई, तू गेटपर्यंत येत जाऊ नकोस." मी का म्हणून विचारलं नाही.

गुढीपाडव्याच्या शोभायात्रा आमच्या लहानपणी नव्हत्या. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस डोंबिवलीत सुरू झाल्या, मग गिरगावात आल्या. आता पाडव्याला सकाळी गिरगावात नऊवारी नेसलेल्या, फेटे बांधलेल्या, काळे चष्मे लावलेल्या मुली बुलेटवरून धडधडत जातात. यंदा माझ्या नातीला त्यात जायचं होतं. ती मला म्हणाली, "आजी, पणजीचं लुगडं आहे ना? मला नेसव."

लुगडं होतं. इरकली, हिरवं. त्या दिवशी ट्रंक उघडली ती त्यासाठीच. मी ते हातात घेतलं आणि मला कळेना, पहिलं टोक कुठून धरायचं. निऱ्या किती, काष्टा कुठून मागे न्यायचा, काहीच नाही. मी कधी शिकलेच नव्हते. मोबाइलवर एका बाईंचा व्हिडिओ लावला, तीनदा थांबवून पाहिला. आम्ही दोघी घामाघूम झालो, नात जिन्यापर्यंत गेली आणि सगळं सुटलं.

शेवटी दादरला जाऊन शिवलेली नऊवारी आणली. सलवारीसारखे पाय घालायचे, हुक लावायचा, झालं. पाडव्याला मी ठाकूरद्वारच्या नाक्यावर उभी होते. गर्दीत ती दिसली, गाडीवर मागे बसलेली, खांद्याला माझी शबनम. मला बघून तिनं कमरेच्या बाजूला हात घातला आणि मोबाइल काढला. शिवलेल्या नऊवारीला खिसा असतो, मला माहीतच नव्हतं.

"आजी, इकडे बघ!" ती ओरडली. मी बघितलं.