बजेट कोल्हापुरात कुठं उतरतं?

(दृश्य : गुजरीतली, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातली सकाळ. निम्मी शटरं उघडलेली. काट्यावर चांदीचे पैंजण.)

1 फेब्रुवारी. सकाळी 11 वाजता लोकसभेत बजेटचं भाषण सुरू होतं. संध्याकाळी टीव्हीवर दोनच प्रश्न असतात : काय स्वस्त झालं, काय महाग झालं? आणि इन्कम टॅक्सचं काय झालं? 2025 मध्ये नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागणार नाही असं जाहीर झालं, तेव्हा कोल्हापूरच्या नोकरदार घरांत खरंच समाधान होतं. तो पैसा हातात राहिला, बाजारात आला.

पण हा जिल्हा पगारावर चालत नाही. तो उसावर चालतो, सुतावर चालतो, चांदीवर, फौंड्रीतल्या ओतकामावर आणि दुधावर चालतो. या धंद्यांच्या वाट्याला भाषणातली एखादी ओळ येते, कधी तीही येत नाही. त्यांचं नशीब असतं वित्त विधेयकाच्या एखाद्या पोटकलमात, नाहीतर सीमाशुल्काच्या तक्त्यात. त्या ओळी इथं येऊन कुणाच्या अंगावर पडतात, ते आपण बघणार आहोत.

(दृश्य : हुपरी. एका घराची माडी. खिडकीखाली बसून कडी जोडणारे हात, बर्नरची निळी ज्योत.)

हुपरी, तालुका हातकणंगले. इथल्या कित्येक घरांत चांदीचं काम चालतं. एक जण तार ओढतो, दुसरा कडी जोडतो, तिसरा पॉलिश करतो. घरातल्या बायकाही दुपारभर या कामाला बसतात. धंद्याचा हिशेब रुपयांच्या आधी वजनात होतो. चांदी वजनानं येते, दागिना वजनानं परत जातो आणि कारागिराच्या हातात उरते ती मजुरी.

23 जुलै 2024 ला, निवडणुकीनंतरच्या बजेटमध्ये, सोन्याचांदीवरचं आयात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आलं. ग्राहकांसाठी ही आनंदाची बातमी होती. शुल्कापुरतं बोलायचं, तर बाहेरून 100 रुपयांना येणारी चांदी आदल्या दिवशी 115 ला पडत होती, ती आता 106 ला पडणार होती. आता हाच हिशेब ज्याच्या तिजोरीत आधीच्या भावाची 50 किलो चांदी पडून आहे, त्याच्या बाजूनं मांडा. जवळजवळ 4 किलो चांदीची किंमत त्या 50 किलोंतून उडाली. माल तोच, वजन तेवढंच, बँकेचं कर्जही तेवढंच.

ज्यानं चांदी वजनावर उसनी घेतली होती तो वाचला, कारण त्याला वजनच परत द्यायचं होतं. ज्यानं रोख पैसे मोजून माल भरला होता तो सापडला. मोठा व्यापारी वायद्यात सौदा करून धोका आधीच झाकून ठेवतो. स्वतःच्या भांडवलावर पाच-दहा किलो चांदी फिरवणाऱ्या हुपरीतल्या छोट्या उत्पादकाला ती सोय कुठली?

माझ्या मते शुल्क कमी करणं बरोबरच होतं. 15 टक्क्यांनी तस्करीला बळ मिळत होतं आणि सरळ मार्गानं धंदा करणारा मार खात होता. पण सीमाशुल्काचा बदल जवळपास लगेच लागू होतो, त्यावर विचार करायला एक आठवडाही मिळत नाही. इन्कम टॅक्सच्या बदलाला मात्र संसदेत चर्चा होऊन विधेयक मंजूर होईपर्यंत वेळ असतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

(दृश्य : गुजरी. दुकानांची जुनी पाटी, बंद शटरची संग्रहित छायाचित्रं.)

बजेटपासून मंजुरीपर्यंतचा हा वेळ गुजरीनं एकदा वापरलाही आहे. 2012 च्या बजेटमध्ये ब्रँड नसलेल्या दागिन्यांवर 1 टक्का उत्पादन शुल्क आलं. देशभर सराफांनी दुकानं बंद ठेवली आणि मे महिन्यात प्रणव मुखर्जी यांनी ते मागं घेतलं. 2016 मध्ये तेच शुल्क पुन्हा आलं. या वेळी सराफ महिनाभराहून जास्त बंदवर होते, पण अरुण जेटली यांनी ते ठेवलंच. साध्या चांदीचे दागिने त्यातून वगळले होते. बंद दुकानाचा मालक महिना कसाबसा काढतो. रोजच्या मजुरीवर बसणाऱ्या कारागिराच्या घरी मात्र चौथ्या दिवसापासून उसनवारी सुरू होते.

(दृश्य : इचलकरंजी. यंत्रमागांचा खडखडाट. आवाज हळूहळू खाली, निवेदन वर.)

आता इचलकरंजी. इथं जरा थांबावं लागेल.

सूत सायझिंगला (खळ लावायला) जातं, बीम (मोठं रीळ) भरून येतं, वहिफणी (एकेक धागा ओवणं) होते, मागावर चढतं. स्वतःचं सूत घेऊन कापड विणणारे काही आहेत, आणि दुसऱ्याचं सूत घेऊन नुसत्या मजुरीवर विणून देणारे खर्चीवाले खूप आहेत. विणलेलं कापड पुढं व्यापाऱ्याकडं, प्रोसेसला, गुजरात-राजस्थानकडं जातं. पैसे येतात सावकाश. साठ दिवस, नव्वद दिवस, कधी त्याहून जास्त. ही उधारी पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि तिचा सगळा भार सगळ्यात लहान माणसावर असतो, कारण कामगाराचा पगार त्याला आठवड्याला द्यावा लागतो.

2006 च्या कायद्यात लिहिलेलं होतं की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत. लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. पण तो पाळतो कोण? म्हणून 2023 च्या बजेटनं इन्कम टॅक्स कायद्याच्या कलम 43 ब मध्ये एक पोटकलम घातलं. मुदत उलटून गेली आणि 31 मार्चलाही पैसे दिलेले नसतील, तर ती खरेदी त्या वर्षी खर्च म्हणून धरायची नाही. समजा व्यापाऱ्यानं 10 लाखांचं कापड उचललं आणि पैसे थकवले, तर त्याचं करपात्र उत्पन्न कागदावर 10 लाखांनी वाढलं. 30 टक्के दरानं 3 लाखांचा कर, तोही हातात न आलेल्या नफ्यावर. पैसे चुकते केले की खर्च मिळतो, पण त्या पुढच्या वर्षात.

हेतू अगदी चांगला होता. तरी 2024 चा फेब्रुवारी-मार्च देशभरच्या कापड बाजारांत धास्तीचा गेला. काही खरेदीदार माल परत पाठवू लागले, काहींनी नव्या ऑर्डरी एप्रिलपर्यंत थांबवल्या. काहींनी तर लहान उत्पादकांना उद्यम नोंदणीच (लहान उद्योग म्हणून सरकारकडं केलेली नोंद) रद्द करा म्हणून गळ घातली. कारण हे कलम मध्यम उद्योगांच्या मालाला लागू नव्हतं. म्हणजे ज्याला वाचवायला कलम आणलं, त्याच्याकडूनच माल घेणं खरेदीदाराला जोखमीचं वाटू लागलं.

कलम चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. उधारीवर दुसऱ्याच्या पोटाला चिमटा काढून धंदा करायची सवय मोडायलाच हवी होती. पण आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दोन महिन्यांत एकदम जाग आली, याला जबाबदार कोण? वित्त विधेयक फेब्रुवारी 2023 मध्ये आलं, कलम लागू झालं 2023-24 च्या हिशेबाला, म्हणजे पहिली कसोटी 31 मार्च 2024 ला. मध्ये वर्षाहून जास्त काळ होता. त्या काळात गावभागातल्या मागवाल्याला हे कुणी त्याच्या भाषेत, त्याच्या हिशेबात मांडून सांगितलं असतं, तर त्यानं गिऱ्हाइकाशी आधीच बोलून घेतलं असतं.

(दृश्य : सूतगिरणीचं गेट. ट्रकमध्ये चढणारी सुताची पोती.)

आणि गोष्ट इथं संपली नाही. 2025 च्या बजेटनं लघु उद्योगाच्या उलाढालीची मर्यादा 50 कोटींवरून 100 कोटींवर नेली. बातमी आली की लहान उद्योगांना दिलासा. पण काल मध्यम असलेली एखादी सूतगिरणी यामुळं आज लघु झाली, तर तिच्याकडून थेट सूत घेणाऱ्या मागवाल्यालाही तिचे पैसे त्याच मुदतीत द्यायचे आहेत. कापड विकताना तो या कलमाच्या आसऱ्याला, सूत घेताना त्याच कलमाच्या तडाख्यात. त्यात 2021 च्या बजेटपासून परदेशी कापसावर आयात शुल्क आहे, अधूनमधून काही महिन्यांची सूट मिळते. सुताचा भाव हलायला तेवढं पुरतं.

(दृश्य : ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरांची रांग. कारखान्याच्या वार्षिक सभेचा मांडव.)

उसाचं थोडं वेगळं आहे. एफआरपी, म्हणजे उसाला केंद्रानं ठरवलेला किमान दर, बजेटमध्ये ठरत नाही, ती केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीत ठरते. 2025-26 च्या हंगामाला 10.25 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलमागं 355 रुपये. कोल्हापूरचा उतारा राज्यात चांगला, म्हणून इथं रक्कम त्याहून वर जाते. साखरेचा किमान विक्री दरही बजेटबाहेरच ठरतो. फेब्रुवारी 2019 मध्ये तो किलोला 31 रुपये झाला आणि पुढची सहा वर्षं तिथंच राहिला. ऊसकऱ्याचा खरा जमाखर्च या दोन आकड्यांमधल्या ओढाताणीत आहे.

पण एक गोष्ट बजेटनंच सोडवली, आणि तिच्याबद्दल कोल्हापुरात फारसं बोललं गेलं नाही याचं मला वाईट वाटतं. सहकारी कारखाने सरकारी किमान दरापेक्षा सभासदांना जास्त ऊसदर द्यायचे. आयकर खात्याचं म्हणणं असं, की हा जादा दर म्हणजे उसाची किंमत नव्हे, सभासदांना वाटलेला नफा. त्यावर कर भरा. वर्षानुवर्षं नोटिसा, अपिलं, व्याज. तासगाव कारखान्याच्या नावानं ओळखला जाणारा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, 2019 मध्ये त्याचा निकाल आला. 2016-17 च्या आकारणी वर्षापासून कायदा बदलून पुढचा प्रश्न मिटला होता, मागचा तसाच होता. 2023 च्या बजेटमध्ये त्या आधीच्या वर्षांचा ऊसदरही खर्च म्हणून मान्य केला. अर्थमंत्र्यांनी सांगितलेला आकडा होता जवळपास 10,000 कोटींच्या दिलाशाचा.

कारखान्याचा अहवाल घरी येतो, तेव्हा त्यात शेवटाकडं ‘संभाव्य देणी’ असं लहान अक्षरात एक टिपण असतं. हे आयकराचे आकडे तिथं बसलेले असायचे. सभेत दरावरून, नोकरभरतीवरून रान उठतं. त्या पानावर क्वचितच कुणी प्रश्न विचारतो. कारखाना सभासदाचा, तर ते देणंही सभासदाचंच की!

(दृश्य : शिरोली एमआयडीसीतली फौंड्री, रात्रपाळी. पाठोपाठ चप्पल लाइन, कोल्हापुरी चपलांचा बाजार.)

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फौंड्र्यांना 2021 मध्ये स्टील स्क्रॅपवरच्या आयात शुल्काची माफी मिळाली. ती मुदतीची, पुढं वाढवत नेलेली. त्यामुळं कच्च्या मालाचा लांबचा हिशेब मांडताना मुदत संपत आली की जीव टांगणीला.

चपलेचं मात्र दुखणं वेगळं. 2025 च्या बजेटमध्ये चामडं आणि पादत्राणांसाठी योजना आली, ‘वेट ब्लू’ चामड्यावरचं आयात शुल्क माफ झालं. हे चामडं क्रोमवर कमावलेलं असतं, ते मोठ्या बूट कारखान्यांचं. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात मुरतं. त्या ढोर-चर्मकार कुटुंबांना या माफीचा उपयोग काय? त्यांना काही मिळालं असेल तर ते सप्टेंबर 2025 मध्ये, जीएसटी परिषदेनं 2,500 रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवरचा कर 5 टक्क्यांवर आणला तेव्हा.

आणि रेल्वे. कोल्हापूर-वैभववाडी मार्ग, सुमारे 107 किलोमीटर, 2016-17 च्या रेल्वे बजेटमध्ये मंजूर. दरवर्षी बजेटनंतर पिंक बुकमध्ये, म्हणजे रेल्वेच्या कामनिहाय तरतुदींच्या पुस्तकात, त्याच्यापुढं किती रक्कम आहे ते बघायचं. मंजुरी म्हणजे नाव यादीत आलं. काम होतं ते तरतुदीनं.

(दृश्य : ग्रामपंचायतीचं सभागृह. भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड, समोर पंचवीस-तीस माणसं.)

केंद्रीय बजेटची कागदपत्रं भाषण संपताच इंटरनेटवर सगळ्यांना खुली होतात. इंग्रजीत आणि हिंदीत. त्यात वित्त विधेयकाचा अर्थ समजावणारं एक निवेदनही असतं, कलमवार. त्यानंतर विधेयक मंजूर होईपर्यंत साधारण दीड-दोन महिने मिळतात. याच काळात दुरुस्त्या होतात, याच काळात खासदाराला गाठायचं असतं.

व्यापाऱ्यांच्या मोठ्या संघटना निवेदनं देतात. खर्चीवाला, कडी जोडणारी बाई, कातडं कमावणारा यांचं निवेदन कोण लिहिणार? कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आहे, वाणिज्य शाखेची महाविद्यालयं आहेत, सीए मंडळी आहेत. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात हुपरीत एक, इचलकरंजीत एक, कागलात एक अशा बैठका घ्या. त्या वर्षीची जिल्ह्याला लागू होणारी कलमं मराठीत, रुपये-पैशांचं उदाहरण घालून, समोर मांडा. मागवाल्याला विचारू द्या की त्याची साठ दिवसांची उधारी या कलमात कुठं बसते. आणि त्याचं उत्तर कलमात मिळत नसेल, तर तिथंच बसून दुरुस्तीचं पत्र लिहा, मार्च उजाडायच्या आत.