नुसता काउंट बघू नका

नमस्कार श्रोतेहो. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली, पाळणा हलला नाही, की घरात आधी सुनेच्या तपासण्या सुरू होतात. नवऱ्याची वीर्य तपासणी शेवटी, तीही नाइलाजाने. खरं तर ती पहिल्याच भेटीत व्हायला हवी. त्यात ना सुई, ना भूल.

आणि रिपोर्ट आला की सगळे फक्त शुक्राणूंचा आकडा बघतात. शुक्राणू वृषणात तयार होतात, पण वीर्याच्या एकूण प्रमाणात त्यांचा वाटा जेमतेम पाच टक्के. बाकी द्रव ग्रंथींचा. जवळपास दोन तृतीयांश द्रव मूत्राशयामागच्या दोन वीर्यकोशांतून येतो. तो अल्कधर्मी असतो, त्यात शुक्राणूंना ऊर्जा देणारी फ्रुक्टोज साखर असते आणि वीर्य घट्ट करणारं प्रथिनही. प्रोस्टेटचा द्रव किंचित आम्लधर्मी. त्यातलं पीएसए हे विकर घट्ट झालेलं वीर्य साधारण अर्ध्या तासात पातळ करतं. तासाभरानंतरही ते पातळ झालं नाही, तर शुक्राणू त्यात अडकून राहतात. काउपर ग्रंथी वाटाण्याएवढ्या. त्यांचे थेंबभर स्राव मूत्रमार्गातला लघवीचा आम्लपणा घालवतात.

म्हणून रिपोर्टमध्ये वीर्याचं प्रमाण, पीएच म्हणजे आम्ल-अल्कधर्मीपणाचं माप, आणि फ्रुक्टोज बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत प्रमाणाची खालची मर्यादा १.४ मिलिलिटर आहे. समजा शुक्राणू शून्य, प्रमाण कमी, पीएच ७.२च्या खाली आणि फ्रुक्टोज नाही. अशा वेळी वृषण व्यवस्थित काम करत असण्याची शक्यता मोठी. वीर्यकोशांचा द्रवच पोचत नाहीये, म्हणजे अडलाय तो रस्ता. कधी वृषणातून शुक्राणू वाहून नेणाऱ्या नळ्या, म्हणजे शुक्रवाहिन्या, जन्मतःच नसतात, कधी जननमार्गाच्या क्षयरोगाने वाट बुजते. शुक्रवाहिनी आहे की नाही हे डॉक्टरांना बोटांनी चाचपूनच कळतं, त्यामुळे तपासून घ्यायला लाजू नका. वृषणातून सुईने शुक्राणू काढून पुढचे उपचार करता येतात. ‘शून्य’ वाचून आशा सोडणारी जोडपी पाहिली की फार वाईट वाटतं.

प्रमाण कमी आलं तर आधी विचारा, नमुना सांडला होता का? सर्वाधिक शुक्राणू पहिल्याच भागात असतात. तोच सांडला तर रिपोर्ट निरुपयोगी. नमुना देण्याआधी दोन ते सात दिवस संयम पाळा. नमुना घ्यायला नेहमीचा निरोध वापरू नका, त्यातल्या रसायनांनी शुक्राणू मरतात. नमुना घरून नेत असाल तर डबी अंगाशी धरून तासाभराच्या आत लॅबमध्ये पोचवा. मधुमेहात कधीकधी वीर्य उलटं मूत्राशयात जातं. तिथे लघवीची तपासणी लागते.

आता जिममध्ये जाणाऱ्या तरुणांसाठी. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतलीत की मेंदूतली पीयूषिका ग्रंथी वृषणांना संदेश देणं थांबवते. दंडाचे स्नायू भरतात, शुक्राणू मात्र शून्यावर येऊ शकतात. शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिने लागतात, त्यामुळे इंजेक्शन थांबवल्यावरही सुधारणा दिसायला अनेक महिने जातात. डॉक्टरांपासून हे लपवू नका. नाहीतर औषधं भलत्याच दुखण्यावर चालू राहतील आणि बायकोच्या वयाची मोलाची वर्षं निघून जातील.