डिलाइल रोडचे जोशी

(दृश्य : सकाळी नऊ. लोअर परळ स्टेशनबाहेरची गर्दी.)

टॅक्सीवाल्याला ‘ना. म. जोशी मार्ग’ सांगा, तो जरा थांबेल. ‘डिलाइल रोड’ म्हणा, लगेच मीटर टाकेल. सात रस्त्याहून लोअर परळकडे येणारा हा रस्ता. पाटीवरचे जोशी कोण, हे इथल्या जुन्या चाळकऱ्यांतही थोड्यांनाच ठाऊक.

नारायण मल्हार जोशी. जन्म १८७९, गोरेगावचा. मुंबईतलं नव्हे, रायगड जिल्ह्यातलं. १९०९ साली गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले, आणि १९११ साली मुंबईत त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणगावात रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने. पुढे १९२० साली आयटक, म्हणजे देशभरच्या कामगार संघटनांची मध्यवर्ती संघटना, स्थापन झाली, त्यातही ते होतेच.

१९२१ साली ते मध्यवर्ती कायदेमंडळात जाऊन बसले. निवडून नाही आले. कामगारांचा प्रतिनिधी म्हणून सरकारनेच नेमले. बहुतेक गिरणी कामगारांना तेव्हा मतच नव्हतं. सरकारने दिलेली खुर्ची म्हणून जहालांनी त्यांना बोल लावला, आणि १९२९ साली नागपुरात आयटक फुटली तेव्हा जोशी बाहेर पडले. ते मवाळ होते, हे लपवायचं कारण नाही. पण मवाळ माणूस किती चिवट असतो, ते पुढे बघा.

(दृश्य : मद्रासच्या गिरणीचं जुनं छायाचित्र.)

मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीतल्या संपावरून मालक कोर्टात गेले, आणि कोर्टाने युनियनच्या पुढाऱ्यांनाच मनाई हुकूम दिला. म्हणजे संघटना करणं हाच गुन्हा ठरायची वेळ. जोशींनी १९२१ साली ठराव आणला : कामगार संघटनांना कायद्याचं संरक्षण द्या. कायदा आला १९२६ साली. पाच वर्षं!

(दृश्य : गिरणीचं बंद फाटक. आवाज : भोंगा.)

आता बाळंतिणींची गोष्ट. गिरण्यांत वाइंडिंग आणि रीलिंग, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यांत, बायका असायच्या. दिवस भरत आले तरी उभ्याने काम, कारण खाडा म्हणजे पगार गेला. बाळंत झाल्यावर लवकरात लवकर परत कामावर. तान्हं मूल चाळीत, कुणा म्हातारीच्या भरवशावर. ते दिवसभर रडू नये म्हणून अफूची बाळगोळी चाटवायची. त्यातला निर्दयपणा आईचा नव्हता.

१९१९ साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. भारतीय कामगारांच्या वतीने जोशी तिथे होते. बाळंतपणाच्या रजेचा करार तिथे झाला, आपल्या सरकारने तो स्वीकारला नाही. १९२४ साली जोशींनी स्वतःच विधेयक मांडलं. पडलं.

पण विषय मेला नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात तिथलेच एक सभासद आसवले यांचं बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आलं. डॉ. आंबेडकर पाठिंब्याला उभे राहिले. आईला विसावा मिळणं राष्ट्राच्याच हिताचं आहे, असं त्यांनी मांडलं. १९२९ साली कायदा झाला : बाळंतिणीला रोज आठ आणे. देशभरासाठी कायदा यायला १९६१ साल उजाडलं. जोशी १९५५ सालीच गेले होते. २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली.

(दृश्य : जुन्या गिरणीच्या जागेवरची काचेची इमारत. मग मागची चाळ.)

वरच्या मजल्यांवरच्या ऑफिसात ती रजा मिळते. शेजारच्या टॉवरमध्ये चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला मात्र नाही. कारण घर म्हणजे आस्थापना नव्हे. तिचे दिवस भरत आले की ती जावेला नाहीतर शेजारणीला आपल्या जागी लावून देते. त्याला ‘बदली देणं’ म्हणतात.

बदली हा शब्दही गिरणीतलाच.