७० सॅक ते ४१ सॅक : फिलाडेल्फियाच्या बचावफळीची पुनर्बांधणी

(पडद्यावर : रात्रीचे स्टेडियम, हिरवळीवर घसरणारे बूट)

१२ फेब्रुवारी २०२३. ॲरिझोनातील ग्लेनडेल येथे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना, म्हणजे सत्तावन्नावा सुपर बोल, सुरू आहे. फिलाडेल्फिया ईगल्स हा संघ या सामन्यात उतरला तेव्हा त्याच्या नावावर त्या हंगामातील ७० सॅक जमा होते. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हाती घेऊन पुढे फेकणारा, आक्रमणाचा सूत्रधार. प्रतिस्पर्ध्याच्या क्वार्टरबॅकने चेंडू फेकण्यापूर्वीच त्याला खेळी सुरू झालेल्या रेषेच्या मागे पाडणे, म्हणजे सॅक. शिकागो बेअर्सने १९८४ मध्ये केलेल्या ७२ सॅकचा विक्रम आजही उभा आहे आणि ईगल्स त्याच्या अगदी जवळ पोहोचले होते. हसान रेडिकचे १६, तर जॉश स्वेट, ब्रँडन ग्रॅहम आणि जॅव्हॉन हारग्रेव्ह यांचे प्रत्येकी ११. एकाच संघातील चार खेळाडूंनी दहा किंवा त्याहून अधिक सॅक करण्याची लीगच्या इतिहासातील ती पहिलीच वेळ होती.

आणि त्या रात्री, प्रतिस्पर्धी कॅन्सस सिटी चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स याला या संघाने एकदाही पाडले नाही. मध्यंतराला २४-१४ अशी आघाडी असूनही ईगल्सने सामना ३८-३५ असा गमावला.

मैदान निसरडे होते, हे खरे आहे आणि त्याबद्दल पुढे बरीच चर्चा झाली. परंतु उत्तरार्धातील चीफ्सचे दोन टचडाउन (चेंडू मैदानाच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण) पुन्हा पाहिले, तर दोष केवळ हिरवळीचा नव्हता हे लक्षात येते. दोन्ही वेळा चीफ्सचा एक खेळाडू चेंडू सुटण्याच्या, म्हणजे खेळी सुरू होण्याच्या, क्षणी आत धावण्याचा आभास निर्माण करून उलट दिशेने फिरला, दोन्ही वेळा ईगल्सच्या मागच्या फळीत कोणी कोणाला सांभाळायचे याचा गोंधळ उडाला आणि दोन्ही वेळा चेंडू झेलणाऱ्याच्या आसपास कोणीही नव्हते. ज्या क्वार्टरबॅकला समोरचा मोकळा गडी तत्काळ दिसतो, त्याच्यावर धावून जाणाऱ्यांना वेळच मिळत नाही. सत्तर सॅकची पुण्याई तेथे उपयोगी पडत नाही.

(पडद्यावर : मैदानाची आकृती, पाच विरुद्ध चार)

येथे खेळाची मांडणी थोडी समजून घ्यायला हवी. प्रत्येक बाजूचे ११ खेळाडू असतात आणि आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे जाण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. क्वार्टरबॅकच्या पुढे पाच धिप्पाड खेळाडूंची भिंत उभी असते. ती भिंत भेदून त्याच्यापर्यंत पोहोचण्याच्या प्रयत्नाला पास रश म्हणतात आणि त्यासाठी साधारणपणे चार जण धावतात. पाचवा किंवा सहावा गडीही पाठवला, तर तो ब्लिट्झ. ब्लिट्झ म्हणजे एक सौदा असतो. पुढे एक जास्त माणूस मिळतो, पण मागे तेवढीच जागा उघडी पडते. महोम्ससारखा खेळाडू नेमकी ती उघडी जागा शोधतो. क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू राहतो तो अडीच ते तीन सेकंद. त्यामुळे बचाव सुधारायचा म्हणजे प्रत्यक्षात त्या अडीच सेकंदांत अर्ध्या सेकंदाची भर घालायची. ही भर पुढची फळी स्वतःच्या बळावर क्वचितच घालू शकते. ती मागची फळी घालते. फिलाडेल्फियाची पुढील दोन वर्षांची कथा हेच सांगते, असे आम्हाला वाटते.

त्या पराभवानंतर बचावाचे समन्वयक जोनाथन गॅनन ॲरिझोनाचे मुख्य प्रशिक्षक होऊन निघून गेले. त्यांच्या जागी आले शॉन देसाई. भारतीय वंशाचे देसाई २०२१ मध्ये शिकागोत बचावाचे समन्वयक झाले, तेव्हा या लीगमध्ये त्या पदावर पोहोचणारे ते भारतीय वंशाचे पहिले प्रशिक्षक होते, आणि फिलाडेल्फियातीलच टेम्पल विद्यापीठातून त्यांनी शिक्षण प्रशासनात डॉक्टरेट मिळवलेली होती. संघाने पहिल्या अकरापैकी दहा सामने जिंकले. पण डिसेंबर उजाडला आणि सॅन फ्रान्सिस्कोने ४२, डॅलसने ३३ गुण लादले. त्यानंतर डावपेच ठरवण्याचे काम देसाई यांच्याकडून काढून मॅट पॅट्रिशिया यांच्याकडे सोपवण्यात आले. हंगाम सुरू असताना बचावाची भाषाच बदलण्याचा हा निर्णय फार महाग पडला. शेवटच्या सहापैकी पाच सामने हातचे गेले, त्यांत गॅनन यांच्या ॲरिझोनाविरुद्धचा ३५-३१ हा पराभवही होता, आणि बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात टँपा बेने ३२-९ अशी धूळ चारली. संपूर्ण हंगामात ४२८ गुण दिले गेले आणि पासवर दिलेल्या यार्डांच्या बाबतीत ३२ संघांत ईगल्सचा क्रमांक शेवटून दुसरा लागला.

देसाई यांना एकट्याला या पडझडीचे धनी ठरवणे न्याय्य होणार नाही. त्यांच्या हाती आलेल्या संघातून हारग्रेव्ह गेलेला होता, कोपऱ्यांवरचे बचावपटू तिशी ओलांडलेले होते आणि मधल्या फळीत लाइनबॅकर म्हणून कायम विसंबता येईल असा एकही खेळाडू नव्हता. सॅक तरीही ४३ झाले होते. सॅकच्या आकड्यांत आजार दिसत नव्हता, तो मधल्या आणि मागच्या फळीत होता.

(पडद्यावर : पेनसिल्व्हेनियातील डनमोर गावाचे रस्ते)

२०२४ च्या सुरुवातीला ईगल्सने विक फँजिओ यांना बोलावले. पेनसिल्व्हेनियातीलच डनमोर या लहानशा गावात जन्मलेल्या फँजिओ यांनी शालेय संघापासून प्रशिक्षणाला सुरुवात केली होती. सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो येथील त्यांच्या बचावफळ्या गाजल्या होत्या, आणि वयाची पासष्टी गाठल्यावर ते आपल्या राज्यातील संघाकडे परतत होते. त्यांची पद्धत दिसायला साधी असते. चेंडू सुटण्यापूर्वी दोन सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचे बचावपटू, खोल उभे राहतात आणि जवळपास प्रत्येक वेळी चित्र तेच दिसते. चेंडू सुटल्यावर मात्र त्यातला एक पुढे सरकतो, किंवा दोघेही मागेच राहतात, किंवा तिसराच कोणी त्यांची जागा घेतो. क्वार्टरबॅकने मनाशी बांधलेला अंदाज त्या क्षणी चुकतो, त्याला पुन्हा पाहावे लागते, आणि आपण ज्या अर्ध्या सेकंदाबद्दल बोलत होतो तो नेमका येथे निर्माण होतो.

या पद्धतीची किंमत पुढच्या फळीला मोजावी लागते. दोन माणसे कायम मागे उभी असल्याने धावत चेंडू नेणाऱ्यांना अडवायला पुढे एक गडी कमी पडतो, आणि ती उणीव मधल्या अवजड खेळाडूंनी एकेकट्याने दोघांचा भार घेऊन भरून काढायची असते. येथे व्यवस्थापक हाउई रोझमन यांनी केलेली जुनी पेरणी कामी आली. दीडशे किलोंच्या घरातला जॉर्डन डेव्हिस २०२२ मध्ये, तर जॅलन कार्टर आणि नोलन स्मिथ २०२३ मध्ये, तिघेही जॉर्जिया विद्यापीठातून आणि तिघेही विद्यापीठांतील खेळाडू घेण्याच्या वार्षिक निवडप्रक्रियेच्या पहिल्या फेरीतून निवडले गेले होते. फ्लेचर कॉक्स मार्च २०२४ मध्ये निवृत्त झाला, रेडिकला न्यूयॉर्क जेट्सकडे पाठवण्यात आले, आणि या तरुणांना पुढे यावेच लागले.

त्या वर्षीची खरेदी पाहिली तर फार शिकण्यासारखे काही हाती लागते. क्वार्टरबॅकवर धावून जाण्यासाठी संघाने जेट्सच्या ब्राइस हफशी तीन वर्षांचा, सुमारे ५ कोटी १० लाख डॉलरचा करार केला. त्याचे हंगामभरात अडीच सॅक झाले आणि अंतिम सामन्यात खेळणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव नव्हते. त्याच सुमारास झॅक बॉन हा न्यू ऑर्लिन्सचा खेळाडू एका वर्षासाठी ३५ लाख डॉलरला घेतला गेला. तो तोवर मुख्यतः विशेष पथकांत (किकच्या वेळी उतरणाऱ्या तुकड्यांत) आणि कडेने खेळत असे. फँजिओ यांनी त्याला कडेवरून उचलून मधोमध लाइनबॅकर म्हणून उभे केले. त्याने १५१ टॅकल केले, म्हणजे चेंडू नेणाऱ्याला तितक्या वेळा पाडले, लीगच्या सर्वोत्तम अकरांत त्याची निवड झाली, आणि पुढच्या वर्षी त्यालाही तीन वर्षांसाठी ५ कोटी १० लाख डॉलरचाच करार मिळाला.

निवडप्रक्रियेतही पहिल्या दोन फेऱ्या मागच्या फळीवर खर्च झाल्या. टोलीडो विद्यापीठाचा क्विन्यॉन मिचेल २२ वा निवडला गेला. २००२ नंतर पहिल्या फेरीत घेतलेला ईगल्सचा हा पहिलाच कॉर्नरबॅक, म्हणजे कोपऱ्यावरचा बचावपटू, होता. आयोवाचा कूपर डीजीन ४० वा आला. रेडिक आणि कॉक्स गमावलेल्या संघाने पहिल्या दोन संधी पास अडवणाऱ्यांना द्याव्यात, यावर तेव्हा शंका घेणे स्वाभाविक होते.

आणि सुरुवातीला ती शंका खरीही वाटली. चार सामन्यांत दोन विजय, दोन पराभव; चौथ्या सामन्यात पुन्हा त्याच टँपा बेकडून ३३-१६ अशी हार. त्यानंतर विश्रांतीचा आठवडा आला आणि त्या आठवड्यानंतर डीजीनला आतल्या कॉर्नरबॅकच्या जागी कायमचे उतरवण्यात आले. ईगल्सने सलग दहा सामने जिंकले. एका नवख्या खेळाडूमुळेच हे सारे घडले, असा दावा करता येणार नाही, परंतु तो आल्यावर मधल्या पट्ट्यातील लहान पास बंद झाले आणि चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात रेंगाळू लागला, हे कोणत्याही चित्रफितीत दिसते. स्मिथने साडेसहा सॅकपर्यंत मजल मारली, स्वेटने आठपर्यंत. हंगाम संपला तेव्हा प्रति सामना २७८.४ यार्ड देऊन ही बचावफळी लीगमध्ये पहिली आली आणि दिलेले गुण ४२८ वरून ३०३ वर आले.

आणि सॅक? ते होते ४१. आदल्या, कोसळलेल्या वर्षापेक्षा दोन कमी.

(पडद्यावर : बर्फाने पांढरे झालेले मैदान)

१९ जानेवारी २०२५. फिलाडेल्फियात बर्फ पडतो आहे, ईगल्स २८-२२ असे पुढे आहेत आणि लॉस एंजेलिस रॅम्स ईगल्सच्या १३ यार्डांच्या रेषेपर्यंत येऊन ठेपले आहेत. उरले आहे जेमतेम एक मिनिट. तिसऱ्या प्रयत्नावर कार्टर मधूनच भिंत फोडतो आणि मॅथ्यू स्टॅफर्डला नऊ यार्ड मागे लोळवतो. पुढच्या प्रयत्नात पुन्हा तोच त्याच्या अंगावर धावून जातो आणि पास अपुरा राहतो. संपूर्ण मोसमातील सॅकची बेरीज विसरायला लावणारी ही दोन प्रयत्नांची कामगिरी आहे.

तीन आठवड्यांनी, ९ फेब्रुवारीला, न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये पुन्हा समोर महोम्स होता. चीफ्स सलग तिसऱ्या विजेतेपदाच्या शोधात होते, मात्र महोम्सपुढच्या भिंतीची डावी बाजू डगमगलेली होती आणि मुळात आतल्या बाजूचा गार्ड असलेल्या जो थूनीला भिंतीच्या कडेला, टॅकल या जागी, खेळावे लागत होते. फँजिओ यांनी संपूर्ण सामन्यात एकदाही ब्लिट्झ पाठवला नाही. चारच धावले, सात मागे राहिले. दुसऱ्या सत्रात लागोपाठ दोन सॅक झाले, तिसऱ्या प्रयत्नात चीफ्सना १६ यार्ड हवे होते, महोम्सने घाईत चेंडू फेकला आणि डीजीनने तो मधेच झेलून ३८ यार्ड धावत टचडाउन केला. तो त्याचा बाविसावा वाढदिवस होता. थोड्याच वेळात दबावाखाली सुटलेला आणखी एक पास बॉनने झेलला. मध्यंतराला गुणफलक २४-०, आणि चीफ्सच्या आक्रमणाची एकूण मिळकत २३ यार्ड.

सामना ४०-२२ असा संपला. स्वेटचे अडीच, मिल्टन विल्यम्सचे दोन, डेव्हिसचा एक आणि जॅलिक्स हंटचा अर्धा, असे सहा सॅक महोम्सच्या वाट्याला आले. त्याच्या कारकिर्दीत एका सामन्यात इतके कधीच आले नव्हते.

(पडद्यावर : रिकामी ड्रेसिंग रूम, कपाटांवरून काढली जाणारी नावे)

महिनाभरातच बाजार उघडला. विल्यम्सला न्यू इंग्लंडने चार वर्षांसाठी १० कोटी ४० लाख डॉलर दिले, स्वेट गॅनन यांच्या ॲरिझोनाकडे गेला, ग्रॅहमने निवृत्ती जाहीर केली. म्हणजे अंतिम सामन्यातील सहापैकी साडेचार सॅक करणारे हात एकाच वसंतात फिलाडेल्फियातून गेले. २०२५ च्या हंगामात कडेने धावून जाणाऱ्यांची उणीव इतकी जाणवू लागली की ग्रॅहमला निवृत्तीतून परत बोलावण्यात आले, आणि नोव्हेंबरच्या आरंभी निवडप्रक्रियेच्या तिसऱ्या फेरीत खेळाडू निवडण्याचा एक हक्क देऊन मायामीहून जेलन फिलिप्सला आणण्यात आले. फिलिप्स २०२३ मध्ये मायामीत फँजिओ यांच्याच हाताखाली खेळलेला होता.