केल्मिस: जस्ताच्या खाणीसाठी अडलेली सीमा

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलू या केल्मिसबद्दल. जर्मनीतल्या आखन शहराला लागून, बेल्जियमच्या हद्दीत असलेलं हे छोटं गाव. या गावावर राज्य कुणाचं, हे शंभर वर्षं तिथल्या जस्ताच्या खनिजाने अडवून धरलं.

हे खनिज एवढं मोलाचं का होतं, ते आधी पाहू. जस्त मिळवणं अवघड असतं. खनिज कोळशाबरोबर तापवलं की धातू सुटतो, पण जस्त ९०७ अंश सेल्सिअसलाच उकळतं, म्हणून ते वाफ होऊन बाहेर पडतं. ती वाफ मोकळ्या हवेत जळून पांढरी भुकटी होते, धातू हाती लागत नाही. त्यासाठी बंद मूस हवी आणि वाफ थंड करायची सोय हवी. राजस्थानात जावरच्या कारागिरांना ही विद्या कित्येक शतकं आधीच साधली होती. केल्मिसच्या खनिजासाठी आजच्या बेल्जियममधल्या लिएज शहरातल्या दोनी यांनी भट्टी तयार केली आणि १८१० मध्ये तिचं पेटंट घेतलं.

नेपोलियन हरल्यावर ही खाण प्रशिया या मोठ्या जर्मन राज्यालाही हवी होती, नेदरलँड्सलाही. तोडगा निघेना. शेवटी १८१६ च्या आखन करारात खाणीभोवतीचा जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचा त्रिकोणी तुकडा तटस्थ ठेवला गेला. दोन्ही राजांचा एकेक आयुक्त, कायदा मात्र जुना नेपोलियनचाच. १८३० नंतर नेदरलँड्सच्या जागी बेल्जियम आला. कर कमी आणि खाणीत काम, त्यामुळे अडीचशेची वस्ती १९१४ पर्यंत साडेचार हजारांवर गेली. पण स्वतःचं न्यायालय नाही, खटल्यांसाठी शेजाऱ्यांकडे जायचं. सैन्यभरतीतून मिळालेली सूटही टिकली नाही. बेल्जियमने १८५४ पासून आणि प्रशियाने १८७४ पासून तिथे राहणाऱ्या आपापल्या नागरिकांना भरतीसाठी बोलावलं.

१८८५ मध्ये खाण संपली, तरी वाद मिटला नाही. १९१४ मध्ये जर्मन फौजा आल्या, पुढच्या वर्षी प्रशियाने गाव जोडून घेतलं, पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने ते १९२० मध्ये बेल्जियमकडे गेलं. १९४० मध्ये हिटलरने पुन्हा जर्मनीत ओढलं. जोडून घेतलेल्या या भागातले तरुण जर्मन सैन्यात भरती झाले आणि १९४४ मध्ये बेल्जियम परतल्यावर अनेकांना देशद्रोहाच्या चौकशीला तोंड द्यावं लागलं. ज्यांना विचारून कुठलीच सीमा बदलली नव्हती, त्यांच्यावर ही वेळ आली, हे मला फार अन्यायाचं वाटतं.

आज तिथे कारभाराची भाषा जर्मन आहे, फ्रेंच बोलणाऱ्यांसाठीही सोय आहे. १८१६ मध्ये प्रशियाच्या वाट्याला गेलेलं शेजारचं नॉय-मोरेस्ने १९७७ मध्ये केल्मिसच्याच नगरपालिकेत सामील झालं.