पडद्यामागचा तात्या विंचू

पुण्यातील एका जुन्या एकपडदा चित्रगृहाच्या दारातली ही रविवार सकाळची गर्दी आहे. डोअरकीपर तिकीट फाडून झाल्यावर प्रत्येकाच्या हातावर प्लास्टिकची एक शिट्टी ठेवतो आहे, आणि ती घेणाऱ्यांपैकी बहुतेकांचे वय आता शिट्ट्या मारण्याचे राहिलेले नाही. आजचा चित्रपट आहे महेश कोठारे यांचा १९९३ सालचा ‘झपाटलेला’. पडद्याच्या डाव्या अंगाला दोन खुर्च्या आणि दोन माइक मांडलेले आहेत. चित्रपट चालू असतानाच दोन तरुण विनोदवीर त्यावर टीकाटिप्पणी करणार आहेत, आणि प्रेक्षकांनीही गप्प बसू नये, अशी सूचना तिकिटावरच छापलेली आहे.

‘एफ’ रांगेतील बारा क्रमांकाची खुर्ची आयोजकांनी चित्रपटातल्या तात्या विंचू या बाहुल्यासाठी राखून ठेवली आहे. कोण्या हौशी माणसाने कापूस, लाकूड आणि रंग वापरून तयार केलेली ती नक्कल आहे; एक डोळा दुसऱ्यापेक्षा किंचित वर बसला आहे आणि जबड्याचा दोरा मागून लोंबतो आहे. माझी खुर्ची तेरा क्रमांकाची निघाली. आमच्या दोघांमधल्या हातावर कोपर कोणी टेकवायचे हा प्रश्न उद्भवलाच नाही, कारण त्यावरचा हक्क मी बसण्यापूर्वीच सोडून दिला होता.

हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो आमच्या तालुक्याच्या गावी, गणपतीच्या दिवसांत, रस्त्यावर आडवा बांधलेल्या पांढऱ्या पडद्यावर. समोरच्या बाजूची सगळी जागा संध्याकाळीच पोती आणि सतरंज्या टाकून अडवली गेली होती, त्यामुळे आम्हा धाकट्यांची वर्णी लागली ती पडद्याच्या मागे, गटाराच्या कडेला. मागून चित्र दिसते, फक्त ते उलटे दिसते. श्रेयनामावलीतली अक्षरे आरशात धरल्यासारखी होती, सगळी माणसे डावखुरी होती, आणि वाऱ्याने पडदा फुगला की बाहुला खरोखरच आमच्या अंगावर येत होता. त्या रात्री घरी परतताना मोरीपाशी एकटे जाण्याची माझी हिंमत झाली नाही, आणि ताईच्या कापडी बाहुलीला पुढचे कित्येक दिवस पत्र्याच्या पेटीत मुक्काम करावा लागला.

मरणाच्या दारात असलेल्या गुंडाचा आत्मा मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरतो, ही कल्पना १९८८ सालच्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटाची आहे, आणि ते लपवण्यासारखेही काही नाही. मात्र मराठीत येताना तिच्यात जो बदल झाला तो मला मोठा वाटतो. तिकडे बाहुला सहा वर्षांच्या मुलाच्या हाती पडतो. इकडे तो पडतो लक्ष्या बोलके या लग्नाच्या वयाच्या, शब्दभ्रमकार होण्याची स्वप्ने पाहणाऱ्या माणसाच्या हाती. महाराष्ट्राला बोलका बाहुला नवा नव्हता. यशवंत पाध्ये यांनी घडवलेले अर्धवटराव पिढ्यान्‌पिढ्या लोकांना हसवत आले होते, आणि तात्या विंचूचा बाहुला तयार करून तो चालवणारे रामदास पाध्ये हे त्यांचेच चिरंजीव. ज्या घराण्याचा बाहुला बोलू लागला की मुले पुढच्या रांगेकडे धावत, त्याच घराण्यातून आलेला हा दुसरा बाहुला बोलू लागताच आम्ही मागे पळालो. त्याला आवाज होता दिलीप प्रभावळकर यांचा, ज्यांना आमच्या आईवडिलांची पिढी चिमणराव म्हणून ओळखत होती.

दिवे मालवले आणि पहिल्या पाच मिनिटांतच शिट्ट्यांचा उपयोग कळला. इन्स्पेक्टर महेश जाधव यांनी ‘डॅम इट’ म्हटले की सगळ्यांनी शिट्टी वाजवायची होती. ‘ओम फट् स्वाहा’ तर अख्ख्या सभागृहाने असे काही म्हटले, की एखाद्या देवळातली आरती फिकी पडावी. त्यावर एक विनोदवीर म्हणाला, “गोळी लागलेली असताना याला एवढा मंत्र बिनचूक आठवतो, म्हणजे शाळेत रामरक्षा पाठांतराचे पहिले बक्षीस यालाच मिळाले असणार.” दुसऱ्याला दारांच्या कड्यांची चिंता पडली होती: कड्या पाच फुटांवर आणि बाहुला दोन फुटांचा, तेव्हा याने खून करण्याआधी स्टूल चोरले असले पाहिजे. मीही पोट धरून हसलो. हाताने चालणारा बाहुला पडद्यावर उभा करायचा तर चालवणाऱ्याला लपायला जागा लागते, हे एकदा लक्षात आले की भीतीऐवजी नजर ती जागा शोधू लागते, आणि लहानपणी ज्या टेबलाच्या कडेवरून तो डोकावताना श्वास अडकला होता, त्याच टेबलाखाली आता घडी घालून बसलेला एक घामाघूम माणूस दिसू लागतो.

विनोदवीरांची पंचाईत झाली ती लक्ष्या झालेल्या लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यापुढे. बाहुला बोलतो, असे लक्ष्या जीव तोडून सांगत असतो आणि त्याच्यावर कोणीही विश्वास ठेवत नाही. या प्रसंगांत दोन्ही माइकवरून दोनतीनदा शेरे मारले गेले आणि ते पडले, कारण शेरा पूर्ण होण्याच्या आतच लक्ष्मीकांत यांचे डोळे, लटपटणारे गुडघे आणि अर्ध्यावर तुटलेले वाक्य यांनी हशा वसूल करून टाकलेला असे. थोड्या वेळाने त्यांनी माइक खाली ठेवले. मला तेव्हा उमगले की रस्त्यावरच्या त्या रात्री आम्ही बाहुल्याकडे पाहून घाबरलो नव्हतो. बाहुला फारतर मान वळवी आणि जबडा हलवी. त्याच्याकडे पाहणाऱ्या लक्ष्याचा चेहरा पाहून आम्ही घाबरलो होतो, आणि हसलोही होतो ते त्याच चेहऱ्याला. २०१३ साली दुसरा भाग थ्रीडीमध्ये आला, बाहुला चष्म्यातून थेट नाकापर्यंत आला, परंतु लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजीच गेले होते, आणि मी त्या खेळात एकदाही खुर्चीचा हात घट्ट धरला नाही.

एक गोष्ट मात्र मला शेवटपर्यंत छळत राहिली. माझ्या आठवणीत तात्या विंचू ज्या बाजूने येतो, तिथे या पडद्यावर कोणीच नव्हते. तो प्रत्येक वेळी विरुद्ध अंगाने आला, आणि त्यामुळे, इतके हसूनसुद्धा, दोनदा मी खरोखर दचकलो. पडद्यामागे बसून पाहिलेला चित्रपट मला आज प्रथमच सुलटा दिसत होता.

खेळ संपला. शिट्ट्या एका बादलीत गोळा होत आहेत, विनोदवीर प्रेक्षकांबरोबर छायाचित्रे काढून घेत आहेत. आयोजकांपैकी एक मुलगा ‘एफ’ रांगेत आला आहे. त्याचा जन्म ‘झपाटलेला’नंतर दहाएक वर्षांनी झालेला असावा. त्याने बाहुल्याला मानेला धरून उचलले, पाठपिशवीत पाय आधी घातले, मग डोके दाबले आणि चेन ओढली. नंतर जरासा थांबला, माझ्याकडे पाहून ओशाळे हसला, आणि चार बोटे जागा राहील एवढी चेन त्याने पुन्हा उघडली.