नव्या यंत्रात जुनं घड्याळ

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्यापैकी काहींच्या कपाटात, एखाद्या खोक्याच्या तळाशी, जुन्या फ्लॉप्या, सीडी किंवा खेळांची कार्ट्रिजं अजून पडून असतील. ती चालवणारं यंत्र कधीच मोडीत गेलं. त्यातला प्रोग्राम आजच्या संगणकाला दिला तर तो सुरूच होत नाही. मध्ये एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम बसवला, की तोच खेळ, तेच हिशेबाचं सॉफ्टवेअर पुन्हा चालू लागतं. हे कसं घडतं, कुठे अडतं आणि अडलं तर काय करायचं, ते आज पाहू. कागद-पेन जवळ असू द्या, काही आकडे टिपून घ्यावे लागतील.

प्रत्येक प्रोसेसरची आपली एक भाषा असते आणि ती आकड्यांची असते. 1983 साली निन्टेन्डोने जपानमध्ये फॅमिकॉम हा खेळाचा संच आणला. त्याचा प्रोसेसर 6502 या घराण्यातला. त्याच्या भाषेत 169 या आकड्याचा अर्थ असा: पुढच्या बाइटमधली संख्या उचल आणि हाताशी ठेव. हाच 169 आजच्या इंटेल घराण्यातल्या प्रोसेसरपुढे ठेवला, तर तो काहीतरी तपासून पाहायची आज्ञा समजतो. आकडा तोच, अर्थ भलताच. म्हणून जुना प्रोग्राम नव्या यंत्रावर सरळ चालत नाही.

एम्युलेटर दुभाष्याचं काम करतो. जुन्या यंत्राची स्मृती म्हणून तो नव्या यंत्रात एक लांबलचक तक्ता मांडतो आणि प्रोसेसरमधल्या प्रत्येक कप्प्यासाठी एक चल ठेवतो. मग एकेक आकडा वाचायचा, त्याचा अर्थ लावायचा, तसा बदल तक्त्यात करायचा आणि पुढच्या आकड्याकडे जायचं. कल्पना काही नवी नाही. 1964 साली आयबीएमने सिस्टिम 360 ही संगणकांची मालिका जाहीर केली, तेव्हा 1401 या आधीच्या संगणकासाठी लिहिलेले प्रोग्राम ग्राहकांनी फेकून द्यायला लागू नयेत म्हणून तिच्यात हीच सोय होती.

एका जुन्या आज्ञेसाठी नव्या प्रोसेसरला अनेक आज्ञा खर्चाव्या लागतात. फॅमिकॉमचा प्रोसेसर आपल्या आतल्या घड्याळाचे सेकंदाला सुमारे 17 लाख 90 हजार ठोके घेई, आजचा फोन अब्जांत घेतो, त्यामुळे तिथे हा खर्च जाणवतही नाही. यंत्र जसजसं अलीकडचं, तसं हे गणित जड होत जातं. मग एम्युलेटर एकेक आज्ञा न वाचता त्यांचा अख्खा तुकडा एकदाच नव्या भाषेत उतरवून ठेवतो आणि पुढच्या वेळी तयार भाषांतर वापरतो. वेग खूप वाढतो. पण जुना प्रोग्राम चालता चालता स्वतःच्याच आज्ञा बदलत असेल, तर साठवलेलं भाषांतर शिळं होतं आणि ते ओळखून पुन्हा करावं लागतं. ते ओळखायला चुकणारा एम्युलेटर अधेमध्ये कोसळतो.

आता खऱ्या अवघड जागेकडे वळू. आज्ञांचा अर्थ लावणं त्या मानाने सोपं आहे. अवघड आहे ती वेळ सांभाळणं. जुने प्रोग्राम लिहिणाऱ्यांना आपलं यंत्र ठोक्यागणिक ठाऊक असे आणि ते त्या ठोक्यांवर विसंबून लिहीत. फॅमिकॉममध्ये प्रोसेसरचा एक ठोका पडतो तेवढ्यात चित्र काढणारी चिप 3 ठिपके पुढे सरकते. एका ओळीला 341 ठिपके, एका चित्राला 262 ओळी. म्हणजे एक चित्र पुरं होईपर्यंत प्रोसेसरचे सुमारे 29 हजार 780 ठोके होतात आणि सेकंदाला साधारण 60.1 चित्रं निघतात.

फॅमिकॉमवरच्या सुपर मारिओ ब्रदर्स या खेळात वरची गुणांची पट्टी जागेवर स्थिर असते आणि खालचं जग सरकत राहतं. त्या संचात अशी दोन भागांची वेगळी सोय नव्हती. म्हणून वरच्या पट्टीतल्या छोट्या नाण्यापाशी एक खूण बसवली आहे. चित्र काढणारी चिप त्या ठिपक्यापर्यंत पोचली की ती एक झेंडी वर करते. खेळ ती झेंडी पुन्हा पुन्हा बघत थांबलेला असतो. झेंडी वर गेली की तो पडदा सरकवण्याचा आकडा बदलतो आणि तिथून खालचं सगळं जग बाजूला सरकतं. एम्युलेटरने झेंडी चुकीच्या वेळी वर केली, तर पट्टीची कड थरथरते. केलीच नाही, तर खेळ तिची वाट बघत कायमचा गोठतो, पडद्यावर चूक म्हणून एक अक्षरही येत नाही. ज्यांनी ही वेळ ठोक्याठोक्याने मोजून एम्युलेटर लिहिले, त्यांच्या चिकाटीला मनापासून दाद द्यावीशी वाटते. असा काटेकोर एम्युलेटर संगणकाची ताकद जास्त खातो, पण परवडत असेल तर तोच निवडावा.

डॉस ही विंडोजच्या आधीची, आज्ञा टाइप करून चालवायची संगणकाची प्रणाली. तिच्या जमान्यातल्या सॉफ्टवेअरचंही दुखणं वेळेचंच आहे. त्यासाठी डॉसबॉक्स हा फुकट मिळणारा एम्युलेटर वापरा. त्यात डॉस आतच असतं, वेगळं आणावं लागत नाही. आधी संगणकावर एक नवा फोल्डर करा. नाव 8 अक्षरांच्या आत, मध्ये मोकळी जागा नको, कारण डॉसला लांब नावं कळत नाहीत. जुन्या फाइली त्यात ठेवा. डॉसबॉक्स उघडला की माउंट हा शब्द, मग सी हे अक्षर, मग त्या फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहून एंटर दाबा. नंतर सी आणि कोलन. झालं, तो फोल्डर आता जुन्या संगणकाची हार्ड डिस्क आहे. संगणकाची खरी सी ड्राइव्ह मात्र कधीही अशी जोडू नका. आतल्या प्रोग्रामने काही पुसलं तर ते खरोखरच पुसलं जाईल.

प्रोग्राम सुरू झाला आणि सगळं भरधाव पळायला लागलं, तर वेग हाताने ठरवावा लागतो. डॉसबॉक्समध्ये त्याला सायकल्स म्हणतात आणि चालू आकडा खिडकीच्या वरच्या पट्टीवर दिसतो. कंट्रोल आणि एफ 12 दाबलं की वेग 10 टक्क्यांनी वाढतो, कंट्रोल आणि एफ 11 ने 20 टक्क्यांनी घटतो. लॅपटॉपवर सोबत एफएन ही कळही दाबावी लागू शकते. अंदाजाला हे आकडे टिपून घ्या: सर्वांत जुन्या 8088 प्रोसेसरसाठी 300 च्या आसपास, 33 मेगाहर्ट्झच्या 386 साठी 5 ते 6 हजार, 66 मेगाहर्ट्झच्या 486 साठी सुमारे 25 हजार. प्रोग्राम ज्या वर्षीचा, त्या वर्षीच्या यंत्रापासून सुरुवात करा आणि मग डोळ्यांनी पाहून, कानांनी ऐकून जुळवा. आकडा भरमसाट वाढवला तर तुमचा संगणकच मागे पडतो आणि आवाज तुटायला लागतो. तसं झालं की दोन पावलं खाली या.

काही प्रोग्राम सुरू होताक्षणीच ‘रनटाइम एरर 200’ म्हणून बंद पडतात. हे बहुतेक टर्बो पास्कल या प्रोग्राम लिहायच्या साधनात लिहिलेले असतात. त्यातला एक भाग सुरुवातीला यंत्राचा वेग मोजतो: एक मोकळं चक्र 55 मिलिसेकंदांत किती वेळा फिरलं ते मोजायचं आणि त्या संख्येला 55 ने भागायचं. यंत्र फार वेगवान असेल तर उत्तर 65,535 च्या वर जातं, ठेवायच्या जागेत मावत नाही, आणि प्रोसेसर ती भागाकाराची चूक म्हणून कळवतो. फाइल खराब झाली असं समजून ती फेकू नका. सायकल्स काही हजारांवर आणा, प्रोग्राम सुरू करा, मग हवं तर वेग वाढवा. मोजणी एकदाच होते.

आवाजासाठी प्रोग्रामच्या सेटअपमध्ये साउंड ब्लास्टर निवडा आणि हे तीन आकडे भरा: पत्ता 220, इंटरप्ट 7, डीएमए 1. पुष्कळ सेटअपमध्ये इंटरप्ट 5 आधीच भरलेला असतो आणि घोटाळा तिथेच होतो. मग आवाजाचा एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो, किंवा खेळ थिजतो. कार्ड एक तुकडा वाजवून झाला की ‘संपलं, पुढचं दे’ असा निरोप इंटरप्टने देतं. निरोप 7 वर जातोय आणि प्रोग्राम 5 वर कान लावून बसलाय, तर पुढचा तुकडा येणार कुठून?

चित्र बसकं दिसत असेल, गोल अंडाकृती होत असतील, तर त्याचंही कारण साधं आहे. त्या काळचे पुष्कळ खेळ आडवे 320 आणि उभे 200 ठिपके वापरत. जुन्या पडद्यावर ते 4 ला 3 या प्रमाणात ताणले जात, म्हणजे एकेक ठिपका रुंदीच्या 1.2 पट उंच असे. आजच्या पडद्याचे ठिपके चौरस. डॉसबॉक्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये रेंडर या विभागात ॲस्पेक्ट ही ओळ शोधा आणि तिच्यापुढे ट्रू लिहा.

विंडोजवर वेगळीच गंमत होते. 64 बिटांच्या विंडोजमध्ये 16 बिटांचे प्रोग्राम चालवणारा भागच ठेवलेला नाही. पण विंडोज 95 च्या काळातल्या कितीतरी सीडींवर खेळ 32 बिटांचा आणि तो बसवणारा इन्स्टॉलर मात्र 16 बिटांचा. खेळ चालला असता, दारातच अडतो. अशा वेळी 86 बॉक्ससारखा, अख्खा जुना संगणक मदरबोर्डासकट उभा करणारा एम्युलेटर उपयोगी पडतो. त्यात जुनं विंडोज बसवून खेळ बसवता येतो. मात्र पेंटियमच्या वेगापर्यंत जायचं तर संगणकाचा एकेक कोर दमदार हवा. कोर संख्येने पुष्कळ असून फारसा फायदा होत नाही, कारण जुना प्रोसेसर एका मागोमाग एक आज्ञा घेणारा, त्याचं काम वाटून देता येत नाही.

हे सगळं करायचं तर मुळात जुना माल नव्या यंत्रात सुखरूप यायला हवा. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिडकी उघडी करा, म्हणजे तिच्यावर चुकून काही लिहिलं जाणार नाही. यूएसबीच्या ड्राइव्हने पूर्ण प्रतिमा, म्हणजे अख्ख्या फ्लॉपीची एका फाइलीत हुबेहूब नक्कल, काढा. 1.44 एमबीच्या नेहमीच्या फ्लॉपीत 80 ट्रॅक, 2 बाजू, ट्रॅकमागे 18 सेक्टर, सेक्टरमागे 512 बाइट. प्रतिमेची फाइल बरोबर 14 लाख 74 हजार 560 बाइटची भरली पाहिजे. कमी भरली तर वाचन अर्धवट झालं आहे. अमिगा या जुन्या घरगुती संगणकाच्या फ्लॉप्या या ड्राइव्हला वाचता येत नाहीत. त्यांच्यासाठी चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपणारं ग्रीझवीझलसारखं उपकरण लागतं.

सीडीची आयएसओ फाइल करण्याआधी थांबा. आयएसओमध्ये प्रत्येक सेक्टरचे 2,048 बाइट, म्हणजे फक्त डेटा, येतात. पुष्कळ खेळांचं संगीत त्याच सीडीवर साध्या गाण्यांच्या ट्रॅकसारखं असतं आणि ते आयएसओत येतच नाही. खेळ नीट चालतो, पण मुका. म्हणून बिन आणि क्यू या जोडीची प्रतिमा काढा. तिच्यात सेक्टरचे पुरे 2,352 बाइट येतात. डॉसबॉक्समध्ये ती जोडताना आयएमजीमाउंट (imgmount) या आज्ञेला क्यू फाइलचं नाव द्या, बिनचं नको. कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो ते क्यूमध्येच लिहिलेलं असतं.

कायद्याबद्दल थोडक्यात. 2000 साली अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने सोनीविरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात एम्युलेटर बनवणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. पण खेळ आणि यंत्राचं मूळ बायॉस, म्हणजे यंत्र सुरू करणारा त्याच्या आतला प्रोग्राम, यांचा हक्क ज्याचा त्याचाच राहतो. स्वतःजवळ असलेल्या फ्लॉपीची, सीडीची, कार्ट्रिजची प्रतिमा काढणं आणि कुठूनतरी अनोळखी फाइल उतरवून घेणं यांत फरक आहे, आणि आपल्या देशाचा नियम बघून घ्यावा.

खेळ मध्येच थांबवून जसाच्या तसा गोठवून ठेवायची सोय बहुतेक एम्युलेटरांत असते. ती सोयीची आहे, पण तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नका. त्या फाइलीत एम्युलेटरची स्वतःची आतली मांडणी असते, आणि नव्या आवृत्तीत मांडणी बदलली की जुनी फाइल उघडत नाही. खेळाच्या आतली स्वतःची सेव्ह करायची सोय असेल तर तीही वापरा. ती एका आवृत्तीतून दुसरीत सहज जाते.

आणि गेम बॉयची जुनी कार्ट्रिजं असतील, तर त्यांचं काम सर्वांत आधी काढा. त्यांतल्या पुष्कळशा कार्ट्रिजांत सेव्ह जिवंत ठेवते ती एक गोल बटणासारखी बॅटरी, आणि तिचं आयुष्य संपत आलेलं असतं. ती काढली, की आतली स्मृती त्याच क्षणी रिकामी होते. म्हणून बॅटरी बदलायला कार्ट्रिज उघडण्यापूर्वी यूएसबीला जोडायच्या कार्ट्रिज रीडरने खेळाची आणि सेव्हची अशा दोन्ही फाइली उतरवून घ्या, सेव्ह एम्युलेटरमध्ये उघडून पाहा, तुमची पातळी, तुमचं नाव दिसतंय याची खात्री करा, आणि मगच स्क्रूड्रायव्हर हातात घ्या.

नमस्कार.